आमच्या घरी तसं कोणी नाही

"डाव्या हातानं यापुढं भरलेली घागरसुद्धा उचलायची नाही," टाके काढताना गुलबर्ग्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आणि बहीण?" मी विचारलं.

त्यांना वाटलं, बाईचं डोकं ठिकाणावर नाही. मग सांगावं लागलं. घरी धाकटी बहीण आहे, वय चोपन्न. दोन वर्षांची असताना ताप मेंदूत गेला. तेव्हापासून पाय उभे राहत नाहीत, मुठी वळलेल्या, तोंडात शब्द नाही. सकाळी तिला अंथरुणातून उचलून न्हाणीत न्यायचं, पाटावर बसवून पाठीला गुडघा लावायचा, अंघोळ घालायची आणि पुन्हा उचलून आणायचं. आई गेल्यापासून हे मी एकटी करते. डॉक्टरीणबाईंनी कात्री ट्रेमध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाला तरी सांगा." जसं काही दुसरं कुणी माझ्या दारात रांग लावून उभं होतं! ऑपरेशनच्या आठ दिवसांत शेजारणीनं तिला सांभाळलं होतं, आणि मी घरी पोचले त्या दिवशीच तिनं किल्ली माझ्या हातात देऊन हात जोडले होते.

छातीतली गाठ काढली होती, काखेतल्याही. पुढं दर तीन आठवड्यांनी केमो होती. मरणाची भीती वाटत नव्हती असं म्हटलं तर ते खोटं होईल. वाटत होती. पण तिच्या आधी दुसरी एक भीती नंबर लावून उभी होती: मी गेले तर हिला सकाळी उचलणार कोण? आणि गेले नाही, नुसती आडवी पडले, तरी उचलणार कोण?

गुलबर्ग्यात बहिणीसारख्या अपंग बायकांसाठी एक निवासी घर आहे. माझ्या केमोपुरतं ते तिला ठेवून घेतील, वेळ आली तर पुढं कायमचंही ठेवतील, असं कळलं. त्यांना हवं होतं अपंगत्वाचं सर्टिफिकेट आणि सरकारी पगार मंजूर झाल्याचा कागद. आमच्याकडे पेन्शनला पगारच म्हणतात. काम न करता मिळतो म्हणून लोक त्याला खऱ्या पगारापेक्षा जास्त मान देतात.

कागद काढणं माझ्या डाव्या हातचा मळ आहे असा माझा समज होता. मी चिटगुप्प्यात पस्तीस वर्षं अंगणवाडीची टीचर होते. पोरांची वजनं करणं हे आमचं नावापुरतं काम. सरकारला जे जे मोजावंसं वाटेल ते आम्ही घरोघरी जाऊन मोजायचं. गरोदर बाया मोजल्या, संडास मोजले, चुली मोजल्या, मच्छरदाण्या मोजल्या. कुणाच्या घरात कोण आहे आणि कोण नाही, हे मला तोंडपाठ होतं. तेव्हा डोक्याला स्कार्फ गुंडाळून, पिशवीत फोटो घेऊन, मी मोठ्या तोऱ्यात कचेरीत गेले.

खिडकीतला क्लार्क कानडी घरचा, पण मराठी आमच्यासारखीच बोलणारा. त्यानं माझं रेशन कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं.

"टीचर, कार्डावर तुम्ही एकल्याच हाव. बहीण कुठं ऱ्हातात?"

"माझ्यापाशीच."

"मग कार्डात कामून न्हाईत? आधार?"

"न्हाई."

"मतदान?"

"न्हाई."

तो बिचारा चांगला माणूस. मला मदत करायची म्हणून त्याचा चेहरा एकदम उजळला. "जुना अपंगांचा सर्वे हाय की! त्यात नाव असलं तर लै सोपं जातंय. तुमच्या गल्लीचा सर्वे कुणी केल्ता?"

"मीच," मी म्हणाले. "त्यात नाही ती."

त्यानं कार्ड खिडकीतून परत सरकवलं. मी पिशवी आवरली आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. चक्कर आली असं तिथं बसलेल्या एका बाईला सांगितलं. चक्कर नव्हती, लाज होती.

तो सर्वे झाला तेव्हा मी अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची असेन. सकाळी गावाबाहेरच्या धनगरवाड्यात गेले होते. एका घरी विचारलं, "घरात कोणी अपंग?" बाई म्हणाली, "आमच्या घरी तसं कोणी न्हाई, टीचर." तेवढ्यात मागच्या शेळ्यांच्या वाड्यातून एका पोरीचा आवाज आला. तो आवाज कसला, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी त्या बाईला उभी झापली. "तुझी पोर हाय का चोरीचा माल? लाज कशाची वाटायलीय तुला?" बाई रडली. पोर बाहेर आणली. मी नाव लिहिलं, सही केली, वर ताठ मानेनं पाणीही प्यायले.

संध्याकाळी आमची गल्ली करून शेवटी आमच्याच घरी आले. आमचे वडील, आप्पा, ओसरीवर बसले होते. भावाचं लग्न ठरलं होतं, पुढच्या महिन्यात हळद होती. मुलीकडचे घर बघायला आले तेव्हा मी आतल्या खोलीत बहिणीला मांडीवर घेऊन, आवाज करू नये म्हणून तिच्या ओठाला गूळ लावत बसले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा आमच्या आप्पांचा मंत्र. मी रजिस्टर उघडलं आणि त्यांनाही रीतीप्रमाणे विचारलं, "घरात कोणी अपंग?"

"आमच्या घरी तसं कोणी न्हाई," आप्पा रस्त्याकडे बघत म्हणाले.

मी लिहिलं: निरंक. माझं अक्षर चांगलं आहे. आतून तिचा आवाज येतच होता, कारण दिवेलागणीला तिला भूक लागायची. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी नंतर पुष्कळांना ऐकवली. ऐकवताना दर वेळी माझ्याच कानात ती आधी वाजायची.

पुढं भाऊ हैदराबादला गेला, आई थकली आणि बहिणीला उचलायला कुणीतरी लागू लागलं. माझं लग्न का झालं नाही याची गल्लीत चार कारणं सांगतात. खरं कारण एवढंच आहे. मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला नाही म्हटलं नाही. कार्डं बदलली, याद्या बदलल्या, लग्नाचा प्रश्न संपला, तरी तिचं नाव मी कुठंच घातलं नाही. एकदा नाही म्हटलेलं हो कसं करायचं, हे मला समजत नव्हतं. मग त्याचीही सवय झाली.

आता सगळं पहिल्यापासून. आधारवाल्याला मशीन घेऊन घरी बोलावलं. त्यानं तिचं एकेक बोट कोमट पाण्यात धरून सोडवलं, तरी ठसे येईनात, शेवटी डोळ्यांच्या फोटोवर काम भागलं. मग जिल्ह्याच्या दवाखान्यात मेडिकल बोर्डाची तारीख मिळाली. नेमकी दुसऱ्या केमोनंतरच्या चौथ्या दिवशी. उभं राहिलं की माझे पाय लटपटायचे. गाडी दारात आली, पण तिला गाडीत ठेवणार कोण? शेजारीण माहेरी गेली होती, किंवा गेली असं म्हणत होती. मी निरोप पाठवला आणि धनगरवाड्यातली ती बाई आली. त्या पोरीची आई. आता तिचेही केस पिकलेत.

आत येऊन तिनं बहिणीला पाहिलं. "ही कोन, टीचर?"

"माझी बहीण. पाठची."

एवढं सांगून मी मान खाली घातली. तिनं बोलावं, चांगलं खडसावून बोलावं, असं मला मनापासून वाटत होतं. तिनं नुसता पदर खोचला आणि वाकली. मी पुढं झाले तर म्हणाली, "तुमी सरा. तुमचा हात दुखंल." एकटीनं तिला उचलून गाडीत ठेवलं आणि बिदरपर्यंत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

बोर्डापुढं तीन डॉक्टर होते. त्यांनी गुडघे ठोकले, डोळ्यांत उजेड मारला, कधीपासून असं म्हणून विचारलं. "बावन्न वर्षं," मी म्हणाले. "आणि दाखवायला आज आणलंत?" मी व्हय म्हणाले. इतक्यात त्यांच्यातला एकजण सणसणीत शिंकला. आमची बहीण शिंकेला हसते, लहानपणापासून, अगदी पोट धरून म्हणावं असं. ती हसली आणि तिघंही डॉक्टर हसायला लागले, दारातला शिपाईसुद्धा हसला. इतक्या लोकांत ती पहिल्यांदाच हसत होती, कारण इतक्या लोकांत ती पहिल्यांदाच आली होती. मी मात्र भिंतीला टेकून रडले.

सर्टिफिकेट झालं, पगाराचाही कागद आला. राहिला निवासी घराचा फॉर्म. त्यात एक ओळ होती: माझ्यानंतर जबाबदारी कुणाची, त्या नातेवाइकाची सही. नातेवाईक म्हणजे भाऊच. फोन केला.

"अक्का, आत्ताच कामून काढायलीस हे सगळं?" तो हळू आवाजात म्हणाला. "पोरीचं आळंदला जमायलंय. आडत हाय त्यांची, मोठं घर हाय. चारच महिने थांब."

"माझ्या गाठीला तुझ्या पोरीचा मुहूर्त कळत न्हाई रे."

"मी काय न्हाई म्हणायलोय का? जरा थांब म्हणायलोय."

मला त्याला पुष्कळ बोलता आलं असतं. पण त्याच्या आवाजात आप्पांची ओसरी होती, आणि त्या ओसरीवर रजिस्टर घेऊन मीच उभी होते. एवढंच म्हणाले, "तुझ्या वेळेला मी खोटं लिहिलं. तुझ्या पोरीच्या वेळेला लिहायचं न्हाई मला. पोराकडच्यांनी विचारलं तर मी आहे तेच सांगणार."

त्यानं फोन ठेवला. मी त्याची आशा सोडली होती, पण तो ठरल्या दिवशी गुलबर्ग्याला आला. निवासी घराच्या फाटकाबाहेर, आमच्या भाड्याच्या गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. "बघ, केली," म्हणाला. आत मात्र आला नाही. बहीण मागच्या सीटवर होती, तिच्याकडे त्यानं काचेतून पाहिलं, चष्मा पुसला आणि निघून गेला. त्याला ती पाहवत नाही. लहानपणी तिला पाठुंगळी घेऊन तोच अंगणभर फिरायचा.

आत एक आया होती, तिशीतली, आळंदकडची. तिला सगळं समजावून सांगायचं म्हणून मी रात्रंदिवस मनात उजळणी केली होती. भाकरी ज्वारीची, दुधात मऊ होईतो कुस्करायची. गूळ घालायचा, साखर चालत नाही. घास उजव्या गालातून द्यायचा, डाव्या बाजूनं बाहेर येतो. घाई केली तर ठसका लागतो. आणि मुख्य म्हणजे, ती माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खात नाही. हे मी गल्लीला सांगत आले होते, भावाला सांगत आले होते. आठ दिवस कशीबशी पेज पाजून शेजारीण टेकीला आली, तेव्हा तर माझी खात्रीच पटली होती. पहिले दोन दिवस ती उपाशी राहील, तुम्ही घाबरू नका, मी रोज फोन करीन, असं मी आयाला बजावलं.

"व्हय मावशी," ती म्हणाली, वाटी घेऊन बहिणीजवळ बसली, एका हातानं हनुवटी उचलली आणि घास पुढं केला.

बहिणीनं तोंड उघडलं.

दुसरा घासही घेतला. तिसरा घेताना तर पुढं झुकली. माझ्याकडे तिनं वळूनही पाहिलं नाही. अर्धी भाकरी गेली, आयानं पदरानं तिचं तोंड पुसलं.

मला बरं वाटायला हवं होतं. याचसाठी तर एवढी वणवण केली होती. पण खरं सांगायचं तर मला त्या आयाचा असा संताप आला की तिच्या हातातली वाटी हिसकावून घ्यावी. "जरा सावकाश भरवा," मी उगाचच म्हणाले. "सावकाशच भरवायलेय की, मावशी," ती हसून म्हणाली. मी तिला येते असंही म्हटलं नाही. बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवला, उजवा, आणि बाहेर पडले.

बस अर्धी रिकामी होती. माझ्यावाचून तिचं कसं होईल, या काळजीवर मी इतकी वर्षं जगले होते. तिचं झालं. अर्ध्या भाकरीत झालं. घरी पोचले तेव्हा अजून उजेड होता. कुणासाठी भाकरी कुस्करायची नव्हती, कुणाला उचलायचं नव्हतं. एकटीपुरता तवा ठेवायला मी उठले आणि पुन्हा खाली बसले. त्या दिवशी मी जेवले नाही.