बौशरच्या वाळूत स्नोशू

बर्फावर चालायचा सराव मी मस्कतमध्ये, बौशरच्या वाळूच्या टेकडीवर केला. हसा, हसून घ्या. लेकीचं पहिलं बाळंतपण कॅनडात, ऐन थंडीत. जावई लांबच्या खाणीवर, अर्धा महिना तिकडेच. माझ्याशिवाय तिथे तिचं कोणी नव्हतं. आणि मी, अठ्ठावन्न वर्षांची तरुणी, डिंकाचे लाडू वळायचे सोडून पायाला स्नोशू बांधत होते.

"आई, तू फक्त ये," लेक म्हणायची. पण बाबागाडी ढकलणाऱ्या आज्या काय सगळ्यांच्याच असतात. बर्फ तुडवणारी आजी आमच्या नात्यात मी एकटीच होणार होते! ऑनलाइन मागवलेले ते पसरट तळवे बुटाखाली पट्ट्यांनी आवळायचे, टाच मोकळी. पाय फाकवून चालायचं, मोठा वळसा घेऊन वळायचं, आणि मागे पाऊल टाकायचं नाही, कारण मागचं टोक रुततं. व्हिडिओ बघून हे सगळं मी पाठ केलं होतं. नवऱ्यालाही शिकवत होते.

तो खाली मोबाइल घेऊन उभा. "ए बदक, खलास झालं असेल तर चल घरी. ऊन चढतंय."

"आधी फोटो काढ. ग्रुपवर टाकायचाय."

"टेकडी येत नाहीये त्यात."

"मग मी सरकते," म्हणत मी मागे पाऊल टाकलं.

हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. वाळूत गाडी उडवायला आलेल्या एका ओमानी तरुणाने मला उचलून जीपमध्ये ठेवलं. माझ्या पायांकडे बघत तो हळूच म्हणाला, "मामा, हिअर नो स्नो." मामा म्हणजे तिकडे आई. नवरा हसला नाही. तेव्हा मी घाबरले.

घोट्यात स्क्रू बसले आणि विमानप्रवास बंद झाला. नवरा म्हणाला, मी जातो. लेक म्हणाली, "बाबांना काय टाके दाखवू?" मग मी पलंगावर पडून व्हिडिओ कॉलवर बाळंतपण केलं. आळीव खा, कान बांध, झोप काढ. ती हो हो म्हणायची. मला वाटलं, पोर शहाणी आहे, जमवतेय. पुढे पुढे ती कॅमेरा बंद ठेवायला लागली. मी म्हटलं, दमली असेल.

एका सकाळी जावयाचा फोन आला. खाणीवरून तो घरी पोचला, तर बाळाचा रडून रडून घसा बसलेला, अंग गार पडलेलं. लेक कोणाशी एक शब्द बोलत नव्हती. दोघींना हॉस्पिटलात ठेवलं. नात वाचली. लेकीला सावरायला फार वेळ लागला; पूर्ण सावरली असं मी आजही म्हणणार नाही.

मी पोचले तेव्हा तिकडच्या बर्फाचा चिखल झाला होता. ती माझ्याकडे पाठ करून दुधाच्या बाटल्या उकळत होती. मी आपली सवयीने थट्टा सुरू केली, म्हटलं, लंगडी आजी चालेल का गं तुला? तिने गॅस बंद केला. म्हणाली, "बाळ रडायला लागलं की मी बाथरूममध्ये नळ सोडून बसायचे, आई. दार वाजवणारं कोणी नव्हतं."