भगवंतरावांचं पहिलं हरीण

काचीगुड्याच्या भगवंतरावांनी आयुष्यात कधी उंदीरसुद्धा मारला नव्हता. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर ते स्टेशनापलीकडे नेऊन सोडत आणि तो त्यांच्याआधी घरी पोचलेला असे, हे तेच सगळ्यांना हसत सांगत. सरकारी कचेरीतून सुपरिंटेंडंट म्हणून रिटायर झालेला, चातुर्मासात कांद्यालाही हात न लावणारा हा माणूस दर रविवारी सकाळी पूजा आटोपली की कम्प्युटरसमोर बसायचा आणि धनुष्यबाण घेऊन हरणांच्या मागे लागायचा.

हा शिकारीचा गेम त्यांना लेकीनं, अमृतानं, शिकवला होता. ती बेंगळुरूला नोकरीला. फोनवर बापलेकीचं बोलणं 'जेवलीस का' आणि 'नोकरी कशी चाललीय' या दोन प्रश्नांत संपायचं. उत्तरं 'हो' आणि 'ठीक'. गेममध्ये मात्र दोघं कानांना हेडफोन लावून एकाच जंगलात सकाळभर हिंडत. भगवंतरावांना हरणांशी काडीचंही देणंघेणं नव्हतं. लेक कानाशी असते, एवढ्यासाठी ते झाडाझुडपांतून सरपटत होते.

वर्ष होत आलं तरी त्यांच्या बाणाला एक हरीण लागलेलं नव्हतं. "जंगलात माझा दरारा आहे," ते बायकोला, सरोजबाईंना, म्हणत. "मी यायच्या आधीच रान मोकळं होतं."

यात थोडा दोष घराण्याचाही होता. हे लोक दोन दिवस तुळजापूरला निघाले तरी स्टोव्ह, दोरी, कुलूप, मच्छरदाणी आणि जास्तीचा तांब्या बरोबर असायचाच. 'असू दे, लागलं तर' म्हणत जिन्यावरून ट्रंका उतरायच्या. भगवंतरावांनी गेममध्येही तोच प्रपंच मांडला. अंतर मोजायची दुर्बीण, हरणाची हाक काढणारी शिट्टी, अंगाचा वास मारणारा फवारा, झाडाला बांधायचं मचाण, आडोशाचा तंबू, हरणासाठी हलके बाण, रानरेड्यासाठी जड बाण. त्या जंगलात रानरेडा नव्हताच. पण असू दे, लागलं तर. फवारा तर ते लग्नाला निघाल्यासारखा मारून घेत आणि मग वाऱ्याकडे पाठ करून, अंगाचा वास पुढे धाडत, सरळ हरणांच्या दिशेनं चालू लागत.

"बाबा, पाठीवर वजन जास्त झालं की पावलांचा आवाज वाढतो," अमृता कितीदा सांगे. "हरणं उधळतात. माझीसुद्धा."

"कमी करतो की," भगवंतराव म्हणत, आणि बॅगेतून एक शिट्टी काढून दुसरी ठेवत.

त्यातून बडबड. वाकून चालताना, दबा धरताना त्यांचे प्रश्न चालूच. साहेब कसा आहे, बढतीचं काय झालं, डब्यात काय असतं. कचेरीत लोकांना प्रश्न विचारण्यात हयात गेली, ती सवय जाता जाईना.

"हेडफोनमधलं हरणाला नाही ऐकू येत," ते स्वतःची बाजू मांडत.

"मला येतं ना, बाबा."

मग एका रविवारी ती म्हणाली, "इथे एक ग्रुप आहे. पुढच्या आठवड्यापासून त्यांच्याबरोबर खेळीन म्हणते."

"हौ, जा की," भगवंतराव म्हणाले. जेवायला बसले तेव्हा नुसता भात चिवडत राहिले. सरोजबाईंनी विचारलं, "अहो, काय झालं?" तर म्हणाले, "मला जंगलातून काढून टाकलं." स्वतःच हसले. डोळे मात्र भरून आले होते. संध्याकाळी त्यांनी लेकीला फोन लावला आणि मोठ्या साहेबापुढे उभं राहावं तसे अदबीनं आणखी एक रविवार मागून घेतला.

त्या रविवारी भगवंतरावांनी बॅग रिकामी केली. मचाण गेलं, तंबू गेला, जड बाण गेले. शिट्ट्या टाकताना जिवावर आलं. धनुष्य, थोडे हलके बाण आणि दुर्बीण एवढंच राहिलं. वारा समोरून येतोय हे पाहून ते झुडपात बसले. अमृता ओढ्याच्या पलीकडच्या काठावर बसली. आज तोंडातून अक्षर काढायचं नाही, असं त्यांनी देवासमोर ठरवलं होतं. ते इतकं जड गेलं, की त्यांनी तोंडात सुपारी धरून ठेवली.

बराच वेळ गेला. मग ओढ्यावर एक हरीण पाण्याला आलं. मोठं, शिंगाळं. भगवंतरावांनी माऊसचं बटण दाबून धनुष्य ताणलं. बटण सोडलं की बाण सुटणार होता. छाती अशी धडधडू लागली की हरणाला तीच ऐकू जाईल असं त्यांना वाटलं.

"बाबा," कानात अमृताचा आवाज आला. "मी नोकरी सोडलीय. दोन महिने झाले. तुम्हाला सांगायचं धाडसच होत नव्हतं. तुम्ही दर वेळी तेच विचारता."

बोट सटकलं. बाण सुटला आणि हरीण दोन उड्या मारून ओढ्याकाठी कोसळलं.

भगवंतरावांच्या जिभेवर प्रश्नांची रांग लागली. का सोडली, दुसरी बघितली का, घरभाड्याचं काय, लोकांना काय सांगायचं. एकेक प्रश्न त्यांनी सुपारीबरोबर गिळला. दर रविवारी आपण या पोरीला पळवून लावत होतो, हे त्यांना कळलं आणि स्वतःचा राग आला.

"मग?" ते एवढंच म्हणाले.

ती बोलू लागली. साहेब सगळ्यांदेखत टाकून बोलायचा ते, रात्री झोप लागायची नाही ते, सकाळी बसमध्ये रडू यायचं ते. मध्येच थांबायची. भगवंतराव हेडफोन कानाशी आणखी घट्ट धरायचे. सरोजबाई चहा ठेवून गेल्या, तो निवला.

"बाबा," ती नाक ओढत म्हणाली, "तुमचं हरीण पडलंय. पहिलंच ना? जाऊन बघा तरी."

"मेलेलं हरीण कुठे जातंय," भगवंतराव म्हणाले. "तू सांग पुढे."