तिसरा माफीनामा

आमच्या तालुक्याच्या कोर्टाच्या फाटकाला लागून पत्र्याची एक शेड होती. तिथे रुक्मिणी तारी टायपिंगला बसायची. अर्ज, कैफियती, प्रतिज्ञापत्रं, वाटपाचे दावे. सव्वीस वर्षांत या कोर्टात दाखल झालेल्या निम्म्या कागदांवरून आधी तिची बोटं फिरली असतील. आचऱ्याहून सकाळच्या एस.टी.ने यायची. आधी मशीन होतं, मग कॉम्प्युटर आला. शिक्षण दहावी. पण नव्या वकिलाचा दावा टाइप करताना मध्येच थांबून म्हणायची, "वकीलसाहेब, दाव्याक कारण कधी घडला, ती तारीख रवली." आणि ती खरोखरच राहिलेली असायची.

मी बुशरा. २०२२ साली सनद घेऊन इथे आले, तेव्हा चौतीस वकिलांत बाई मी एकटी. माझ्या आधी दोघी येऊन गेल्या होत्या. का गेल्या, हे कुणी सांगत नव्हतं. बार रूममध्ये खुर्च्या भरपूर, पण प्रत्येक खुर्ची कुणाची ना कुणाची होती. दुसऱ्या दिवशी मी व्हरांड्यात उभ्याने डबा खात होते, तेव्हा रुक्मिणीने मला हाक मारली. "बाय, हयसर येऊन बस. तो कोट काढ आधी, उकाडो बघ किती तो." तिच्या शेडीतलं स्टूल हेच माझं ऑफिस झालं. माझे पहिले दहा-बारा मसुदे तिनेच सुधारले.

पुढच्या वर्षी समीक्षा पालव आली. पिंगुळीकडची, भातशेती करणाऱ्या शिवा पालवांची मुलगी, घरातली पहिली पदवीधर. हुशार, मोठ्याने हसणारी. दत्तप्रसाद वकिलांनी तिला ज्युनिअर म्हणून घेतलं. दत्तप्रसाद म्हणजे सतरा वर्षं बारचे अध्यक्ष. आवाज कधी चढला नाही. कुणाकडे मयत झालं की पहिले हजर तेच. त्यांच्या हाताखाली शिकायला मिळणं म्हणजे भाग्य, असं सगळे म्हणत होते.

रुक्मिणी मात्र मला म्हणाली, "तिका सांग, थंय नको."

"का वयनी?"

"सांग म्हणजे सांग." एवढं बोलून ती टाइप करायला लागली.

मी सांगितलं. समीक्षा हसली. "तुका मत्सर वाटता काय गो?" मग मीही हसले, आणि तो विषय तिथेच राहिला. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

वर्षभरात समीक्षाचं हसणं कमी झालं. सकाळी ती कोर्टाजवळ येऊन थांबायची आणि ऑफिसात कारकून, पक्षकार जमल्याशिवाय आत जायची नाही. तोवर रुक्मिणीच्या शेडीत बसून राहायची. रुक्मिणी काही विचारायची नाही. टाइप करता करता तिची नजर मात्र समोरच्या दत्तप्रसादांच्या ऑफिसच्या दारावर असायची. पक्षकार बाहेर पडले, की आतून कडी लागते का, याकडे.

२०२४च्या नोव्हेंबरात समीक्षाने बारच्या सचिवांकडे लेखी तक्रार दिली. बंद दाराआड काय काय चालत होतं, ते तिने तारखांसह लिहिलं होतं. तासाभरात तो कागद दत्तप्रसादांच्या टेबलावर पोचला. तिला निरोप आला, माफीनामा लिहून दे, नाहीतर सनद कशी टिकते ते बघू.

तिसऱ्या दिवशी दुपारी दत्तप्रसाद स्वतः शेडीत आले. एवढ्या वर्षांत ते कधी आले नव्हते, त्यांचा कारकून यायचा. मी तेव्हा कोर्टात होते. पुढचं रुक्मिणीने आम्हा दोघींना सांगितलं.

"रुक्मिणी, एक छोटोसो कागद आसा. घे लिहून." आणि ते शुद्ध मराठीत सांगू लागले, "मी, खाली सही करणारी समीक्षा शिवा पालव, लिहून देते की, दत्तप्रसाद वकीलसाहेब यांच्याविषयी माझा गैरसमज झाला होता..."

इथे ते शब्द जुळवायला क्षणभर थांबले. रुक्मिणीची बोटं थांबली नाहीत. "तो माझ्या तरुण वयाचा व अननुभवाचा दोष होता." ते बोलायच्या आधीच वाक्य पडद्यावर आलं होतं.

दत्तप्रसादांनी वाकून ते वाचलं. रुक्मिणीनेही वाचलं. माझ्या आधी येऊन गेलेल्या त्या दोघी. २००९ साली किशोरीच्या नावाने तिने हेच वाक्य टाइप केलं होतं, २०१६ साली मथुराच्या नावाने. त्या दोन्ही वेळी कारकून हाताने लिहिलेला कागद घेऊन आला होता. तिने टाइप करून दिला होता आणि पुढचं काम हातात घेतलं होतं.

"साहेबानु, ह्या माझ्यान होवचा नाय," ती म्हणाली.

"कित्याक गो?"

"हात दुखतत."

दत्तप्रसाद हसले. तिच्या टेबलावरचे कागद त्यांनी नीट एकावर एक लावून ठेवले. "हात जप हां, रुक्मिणी. त्यांच्यारच तुझा पोट आसा," असं म्हणून ते गेले.

त्या दुपारी रुक्मिणीने समीक्षाला आणि मला सगळं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी घरून एक पिशवी आणली. टाइप केलेल्या प्रत्येक कागदाची एक प्रत ठेवायची तिची सवय होती. किशोरीच्या माफीनाम्याची कार्बन प्रत पिवळी पडली होती, पण अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. मथुराचा कागद कॉम्प्युटरमध्ये तारखेसह होता. दोन मुली, सात वर्षांचं अंतर आणि एकच वाक्य. समीक्षाने ते वाचलं आणि कितीतरी वेळ ती नुसती रडत राहिली. मग आम्ही तिघींनी मिळून जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे द्यायची तक्रार तयार केली. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ऑफिसातल्या अशा तक्रारी तिथे जातात. टाइप रुक्मिणीने केली आणि साक्षीदारांच्या यादीत पहिलं नाव स्वतःचं घातलं.

त्यानंतर शेड शांत होत गेली. आधी दत्तप्रसादांच्या ऑफिसातून येणारं काम थांबलं, मग बाकीच्यांचं. सव्वीस वर्षं "रुक्मिणी, चाय घेतलंस?" असं विचारणारी माणसं मान खाली घालून जाऊ लागली. एका सोमवारी तिच्या खुर्चीवर हळदकुंकू माखलेला नारळ ठेवलेला होता. कुठल्या तरी देवळात तिचं वाईट व्हावं म्हणून देवाला गाऱ्हाणं घातलं गेलं, असं कुणीतरी कानावर घातलं. रुक्मिणी भाविक बाई. ती नारळाकडे बघत दहा मिनिटं उभी राहिली. मी तो उचलायला गेले, तर तिने माझा हात धरला. "तू नको. तुझ्यार आणि वेगळा काय काढतीत." मग तिनेच तो कागदात गुंडाळून फाटकाबाहेर नेऊन ठेवला. दिवसभर टाइप करताना तिच्या चुका होत होत्या. एरवी तिच्या चुका कधी होत नसत.

आठवड्याने बारची नोटीस आली. शेड विनापरवाना आहे, पंधरा दिवसांत काढा.

आचऱ्याला तिच्या घरामागे हापूसची अकरा कलमं होती. नवरा बाबली पायाने अधू झाल्यापासून तोच त्यांची निगा राखायचा. डिसेंबरात एका सकाळी त्याने पाहिलं, तर अकराही खोडांची साल गुडघ्याच्या उंचीवर गोल सोलून काढलेली. हात-हात रुंदीचा पांढरा पट्टा. पानं हिरवीगार होती. एक फांदी मोडलेली नव्हती.

"वाचतीत?" रुक्मिणीने विचारलं.

बाबलीने मान हलवली. "वरसून कळाचा नाय. पण मेली ती."

त्या वर्षी त्या कलमांना असा मोहर आला, की रस्त्यावरून जाणारे थांबून बघायचे. मरायला टेकलेलं झाड असाच मोहर धरतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

"सोडून दे," असं बाबली एकदाच म्हणाला. रुक्मिणी म्हणाली, "दोनदा सोडलंय." त्याने पुन्हा विषय काढला नाही.

मथुराचा ठावठिकाणा लागला नाही. जानेवारीत ती मला घेऊन नांदगावला गेली. किशोरी तिथे राहते, काजूची बाग करते. वकिली सोडून तिला पंधरा वर्षं झाली होती. तिने आम्हाला पाणी दिलं, तक्रार वाचली, कार्बन प्रत वाचली. मग कागद परत करत म्हणाली, "वयनी, ह्या तुमीच टायप केलास."

"हां."

"मी त्या दिवशी तुमच्या शेडीच्या भायर उभी होतंय. तुमी माका बघलास. माका वाटला, निदान ही बाई विचारतली, चेडवा, काय झाला."

रुक्मिणीने खाली बघितलं नाही. "बघलंय मी तुका. भियालंय. माझा पोट त्या शेडीर होता. म्हणून गप रवलंय." मग ती म्हणाली, "माफी मागूक इलंय. साक्षीचा तू ठरव."

किशोरी आत निघून गेली. आम्ही पडवीत बसून राहिलो. ती बाहेर आली नाही. शेवटी तिच्या सासूने सांगितलं, तुमची गाडी चुकेल, निघा.

फेब्रुवारीत जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, समितीपुढे सुनावणी झाली. दत्तप्रसाद इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात आले होते, सगळ्यांना नमस्कार करत. त्यांच्या बाजूने रुक्मिणीला विचारलं गेलं, "तुम्हाला सगळं माहीत होतं, तर सोळा वर्षं गप्प का होता? आता शेड काढायची नोटीस आली म्हणून सूड घेताय?"

आयुष्यभर दुसऱ्यांची प्रतिज्ञापत्रं टाइप केलेली ती बाई उभी राहिली. प्रमाण मराठी तिला बोटांनी येत होती, जिभेने नाही. "नोटीस साक्षीदारांच्या यादीनंतर आलेली आहे. दोन्हीवर तारीख आहे, बघा," ती म्हणाली. मग सरळ मालवणीत आली. "गप रवलंय ही माझी चूक. ती पण लिवन घेवा. पण वाक्य त्येंचा आसा. दोन चेडवा एकमेकांक वळखत नाय, तर एकच वाक्य दोघींका कसा सुचता?"

समितीच्या अध्यक्ष बाई तिन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवून वाचत होत्या. तिसऱ्या, समीक्षाच्या नावाने अर्धवट राहिलेल्या कागदावर फक्त दोन वाक्यं होती.

तेव्हा दार उघडलं आणि किशोरी आत आली. सोबत कुणी नव्हतं. "माका बोलाचा आसा," ती म्हणाली, आणि तासभर बोलली. दत्तप्रसादांनी पहिल्यांदा मान खाली घातली.

एप्रिलात अहवाल आला. तक्रार सिद्ध झाली होती. दत्तप्रसादांना अध्यक्षपद सोडावं लागलं, सनदेविरुद्धची कारवाई बार कौन्सिलकडे सुरू झाली. पुढे बारने ठराव करून वकील बायकांना एक खोली दिली. लहान आहे, पण आतून बंद होते आणि किल्ली आमच्याकडे असते. कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यावर समीक्षा तिकडे गेली. परवा तिने पहिली याचिका स्वतः चालवली. तीन मिनिटंच बोलले, पण कुणी मध्ये तोडलं नाही, असं फोनवर सांगत होती.

शेड मात्र गेली. नोटीस कागदावर बरोबर होती. रुक्मिणी आता रस्त्यापलीकडे भाड्याच्या खोलीत बसते. निम्मे वकील अजून तिच्याकडे येत नाहीत. अकराही कलमं पावसाळ्याआधी वाळली आणि बाबलीने ती स्वतः तोडून घेतली. साल कुणी सोलली, ते पोलिसांना सापडलं नाही.

दत्तप्रसाद अपिलात गेले आहेत. त्यांचं ऑफिस उघडं आहे, आत गर्दी असते, आणि रस्त्यात रुक्मिणी दिसली की ते थांबून हात जोडतात. तब्येतीची चौकशी करतात. पुढच्या महिन्यात अपिलाची तारीख आहे, तिला पुन्हा उभं राहायचं आहे. हल्ली बाबली काठी टेकत तिला रोज सकाळी एस.टी.पर्यंत सोडायला येतो. ती आत बसली तरी तो हलत नाही. गाडीत चढणाऱ्या प्रत्येकाचं तोंड तो नीट बघून घेतो आणि गाडी वळणाआड गेल्यावरच घरी परततो.