फुगलेल्या टेबलाला तीन हात

अंबाजोगाईच्या आमच्या घरात रस्त्याकडेला एक खोली होती, आणि तिथं मला ब्युटी पार्लर काढायचं होतं. घरोघरी केबल आली होती, कॉलेजच्या पोरी भुवया कोरायला पार लातूरला जात होत्या, आणि मी लग्नाआधीच कोर्स केलेला. मग कशाला बसू मी नुसती भांडी घाशीत? पण दिराचं खताचं दुकान, त्याला पोती ठेवायला तीच खोली पाहिजे होती. शेवटी सासऱ्यांनी निवाडा केला, "दसऱ्याला पार्लर उभं दिसलं तर खोली तुझी, सूनबाई. न्हाई तर पोती."

आरसा आला, खुर्ची आली. राहिलं आरशाखालचं टेबल. सुतारानं ते एमडीएफचं करून दिलं, नवीन माल आहे म्हणाला, आणि कोरंच ठेवून गेला. रंगाऱ्याला बोलावलं, तर त्यानं बोटानं टिचकी मारली. "ह्ये लाकूड न्हाई बाई, दाबलेला भुसा हाय. अन् दसऱ्याच्या तोंडावर मला भिंतीच आवरंनात." नवरा तलवाड्याला मास्तर, रविवारीच घरी यायचा. दीर म्हणाला, "राहू द्या वहिनी, तुमच्यानं काय व्हनार न्हाई." झालं! तिथंच माझं डोकं फिरलं. म्हटलं, आता मीच रंगवते, बघते कसं होत नाही ते.

रंगाचं मला काय नवल? माहेरी धर्मापुरीला दरवर्षी दसरा काढताना, म्हणजे सणाआधीच्या साफसफाईत, अख्खं घर मीच चुन्यानं पांढरं करायची. चुना मारायचा तर आधी भिंत भिजवायची, नाहीतर तो धरत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक. म्हणून मी टेबलावर तांब्यानं पाणी मारलं. चांगलं सढळ हातानं. वरून ओल्या फडक्यानं कडा न् कडा पुसली.

दुपारपर्यंत कडा टरारून फुगल्या. वरची फळी हाताला खरखरीत, खण उघडेना. मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू. दीर बघायला आला आणि पोट धरून हसला. जाता जाता म्हणाला, "पोत्याचा टेम्पो सांगून ठिवतो." लई राग आला. त्याचा आला, त्याहून माझा मला आला.

उठले आणि रंगाच्या दुकानात गेले. दुकानदार म्हातारा होता, पण हसला नाही. म्हणाला, "पाणी दावू नका बाई त्याला परत. उन्हात वाळवा, घासा, भेगांत लांबी म्हंजे पुट्टी भरा, मग तेलातलं प्रायमर. कडा लई रंग पितात, त्यांना जास्तीचा हात द्या."

तीन दिवस टेबल गच्चीवर वाळवलं. मग घासायला बसले. कानशीनं कडा उतरवल्या, काचपेपरनं गुळगुळीत केल्या, बोटांची सालपटं निघाली. भुसा नाकातोंडात. भेगांत लांबी भरली, वाळली की पुन्हा घासली. प्रायमर झालं, त्यावरनं डाळिंबी रंगाचे तीन हात. पहिल्या हाताला ओघळ आले, ते घासून काढले. दुसऱ्यात ब्रशचे केस चिकटले, ते सुईनं उपटले. तिसरा हात मात्र असा बसला की मीच दोनदा वळून बघितलं. एक कोपरा फुगलेला राहिला तो राहिलाच. राहू दे, माझं टेबल आहे.

दसऱ्याला सकाळी दिरानं खरंच टेम्पो दारात लावला. "कोपरा फुगलाय अजून. ह्येला उभं म्हनत्यात व्हय?" सासरे ओसरीवर बसलेले. मी दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिले. म्हटलं, "एक पोतं तर आत आणून दाखवा!"

तेवढ्यात माझी जाऊ, म्हणजे दिराचीच बायको, चुलीवरच्या पोळ्या तशाच टाकून आली. नवऱ्यासमोर कधी तोंड वर न करणारी बाई. माझ्या हाताखालून वाकून आत शिरली, खुर्चीत बसली, डोक्यावरचा पदर काढला. "ताई, भुवया करा."

मी दोरा दातांत धरला. एक भुवई झाली आणि दीर ओरडला, "ऊठ म्हनतो ना!"

तिनं आरशातूनच त्याच्याकडं बघितलं. "आता एका भुवईनं सोनं वाटायला जाऊ का मी गावात?"

ओसरीवर सासरे खाकरले. "टेम्पो वळव रे," म्हणाले.

मी दुसरी भुवई धरली.