आधी कुणाचा फोन

कुणाचाही नवा फोन दिसला की मावशी हात पुढे करायच्या. "दाखव बघू." मग पडद्याकडे न बघता फोन पालथा करायच्या, तळहातावर तोलायच्या आणि परत द्यायच्या. बाजारात बकरी निवडणारं माणूस तुम्ही पाहिलं असेल, तर ती नजर तुम्ही लगेच ओळखाल.

पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या एका वाडीत त्यांचं घर. दोन म्हशी, आठ शेळ्या. शिवाय आसपासच्या वाड्यांतल्या जनावरांना जंताचं औषध पाजायचं, लस द्यायला डॉक्टर आले की त्यांना घरोघर न्यायचं, हे काम त्यांच्याकडे. मी आणि माझा मित्र महाडला दोन खुर्च्यांच्या ऑफिसात एक ॲप बनवत होतो. आजारी जनावराचा फोटो काढायचा, काय होतंय ते बोलून सांगायचं, आणि खालच्या डॉक्टरांनी फोनवरच सल्ला द्यायचा.

"हितं रेंज नाय, हे तुझ्या ॲपला ठाव हाय का?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. म्हणून आम्ही अशी सोय केली की फोटो फोनमध्येच थांबेल आणि माणूस रेंज असलेल्या खिंडीत पोचलं की आपोआप जाईल. पोटफुगी डाव्या कुशीला दिसते, फोटो त्याच बाजूने घ्यायला सांग, हेही त्यांचंच.

आम्ही दोघंच. अँड्रॉइड आणि आयफोन, दोन्हींसाठी एकदम बनवणं झेपणारं नव्हतं. आधी कुठलं, यावर आमचा रोज वाद. एका सकाळी मावशी वहीचं पान घेऊन ऑफिसात आल्या. घरोघरचे फोन त्यावर लिहिलेले.

"ते खाल्लेलं सफरचंद आमच्यात एकाच्याबी फोनवर नाय रे. मुंबईवाले गणपतीला येतात, त्यांतल्या दोघांकडं हाय. पण त्यांच्या म्हशी हायत का?"

मी हसलो. "मावशी, आधी अँड्रॉइड. शब्द देतो."

त्या शब्दावर त्या ॲपचं सांगत वाड्या-वाड्या फिरल्या.

मग ॲपला पैशाची मदत करणारी मुंबईची मंडळी आली. सगळ्यांच्या हातात आयफोन. मित्र म्हणाला, "आयफोनचे प्रकार मोजके, तपासायला सोपं. आधी ह्यांना चालवून दाखवू, अँड्रॉइड मागाहून." मी मान डोलावली. हे मावशींना सांगायचं म्हणून दोन महिन्यांत तीनदा वाडीवर गेलो. तिन्ही वेळा भाकरी खाऊन, न सांगताच उतरलो.

महाडच्या सभागृहात उद्घाटन झालं. मावशी अकरा बायकांना जीपने घेऊन आल्या. ठेवणीतल्या साड्या, पूर्ण चार्ज केलेले फोन. टाळ्या झाल्या आणि सगळ्या ॲप शोधू लागल्या.

"माझ्यात दिसत नाय गो," एकीचा आवाज आला. मग दुसरीचा.

मी जवळ गेलो. "मावशी, थोडे महिने थांबा. आधी आयफोनवर काढलंय..."

"तुला कवापासून ठाव होतं?"

"दोन महिने."

"तीनदा आलास की रे. माझ्या चुलीपाशी बसलास."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या बायकांकडे वळल्या. "चुकी माझी हाय गो. मीच नीट इचारलं नाय. चला."

अँड्रॉइडचं ॲप पुढे आलं. तुडील, दासगावकडच्या बायका ते वापरतात. मावशींच्या वाडीतून आजवर एकही फोटो आलेला नाही.

थंडीत मी वर गेलो. त्यांनी पाणी दिलं, आईची तब्येत विचारली, चहाला आधण ठेवलं. मी माफी मागितली. वाल सोलत त्यांनी ती सगळी ऐकून घेतली. तेवढ्यात खालच्या घरातून हाक आली, शेळी विताना अडली होती. त्या पदर खोचत उठल्या.

"तुम्ही बसा, साहेब. चहा घेऊनच जावा."

तोवर त्यांनी मला कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं.

मी चहा गाळून घेतला, कप विसळून पालथा ठेवला. बराच वेळ वाट पाहिली. मग दार लोटून घेतलं आणि डोंगर उतरलो.