सोयरात मिळालेले छप्पर

देवाने आपल्याकडे पाठ फिरवली आहे, असे मला त्या हिवाळ्यात प्रथमच वाटले. आमच्या कसब्यात प्लेग शिरला होता आणि सरकारी हुकुमाने सारे गाव शेतांतल्या झोपड्यांत राहायला गेले होते. तिथेच माझी पत्नी बाळंत झाली. पाठोपाठ अवकाळी पाऊस आला आणि कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या कुडाची आमची झोपडी गळू लागली. सासुरवाडी देऊळघाटला, पण प्लेगच्या गावचे माणूस तिथे वेशीच्या आत घेत नव्हते. माळावरच्या बालाजीच्या सभामंडपात मी जागा मागितली. पुजारी हळहळले, म्हणाले, "गुरुजी, सोयर आहे ना तुम्हाले." घरात जन्म झाला की दहा दिवस देवळात जायचे नाही, हा नियम मलाही मान्य होता. त्याच सोयरामुळे माझी नित्याची पूजाही बंद होती. उरले होते केवळ मनातले नामस्मरण.

गावाबाहेर दुसरे पक्के छप्पर म्हणजे चर्च. प्रारंभी ते पत्र्याचे खोपट होते. मोठ्या दुष्काळात मिशनने तिथे कांजीच्या चुली पेटवल्या, अनाथ मुले सांभाळली. पुढे दगडी इमारत झाली, शेजारी शाळा व दवाखाना आला, वर्षातून एकदा बिशपसाहेब येऊ लागले. हा इतिहास मी वर्गात सांगत असे. मात्र एक गोष्ट घरातच बोलली जाई: तिथे जेवलेली कित्येक मुले तिथलीच झाली.

त्या संध्याकाळी चर्चमधली उपासना चालवणारे वृद्ध दाऊदबुवा भिजत आमच्या झोपडीशी आले.

"गुरुजी, बाळंतिणीले घेऊन चला. लेकरू गारठून जाईन."

"आम्हाला सोयर आहे," मी म्हणालो. ते नकार देतील, अशी थोडी आशाही असावी.

"आमच्याकडे नसते ते," ते म्हणाले.

आमच्यासारखी आणखी काही कुटुंबे तिथे आधीच आली होती. बाके भिंतीला लावून, धोतरांचे आडोसे बांधून आम्ही राहिलो. दाराशी एक दगडी कुंडी होती.

"कायची कुंडी हाये ही?" माझ्या आईने विचारले.

"बाप्तिस्म्याची, आजी."

तेव्हापासून आई त्या कुंडीची वाट अडवून, घोंगडे अंथरून बसली. "फुकट कोनी कोनाले छप्पर देते काय? रविवारी पाह्यजो तू," ती मला म्हणाली. माझाही तोच तर्क होता. दवाखान्यातून शेगडी आली, बाळाला ऊब मिळाली. पण प्रत्येक उपकाराबरोबर माझा संशय वाढत गेला. रविवारी उपासनेला बसवतील, मग मुलाच्या कपाळाला पाणी लावू म्हणतील. नाही म्हटले तर बाळंतीण पुन्हा पावसात. नकाराचे वाक्य मी धड्यासारखे पाठ करून ठेवले होते.

रविवारी जाग आली ती गाण्याने. आवाज बाहेरून येत होता. दार उघडून पाहतो, तो निंबाखाली डोक्यावर पोत्यांच्या खोळी घेऊन सारी मंडळी भुरभुर पावसात उभी.

"आत का नाही आलात?" मी विचारले.

"आत आलो असतो, तर मायबहिनींले बाहेर काढा लागलं असतं," दाऊदबुवा म्हणाले.

त्यांच्या मागून एक बाई ओरडली, "दार लावा ना गुरुजी, लेकराले वारं लागते!"

ही एखादी युक्ती तर नसेल, असे त्या क्षणीही माझ्या मनात आले. पण तोवर हात छत्रीकडे गेला होता. दार ओढून घेऊन मी ती बुवांच्या डोक्यावर धरली. त्यांचे गाणे मी गायलो नाही. मनात बालाजीचे नाव चालू होते, आणि कित्येक दिवसांनी ते कोणी ऐकत आहे असे वाटले.

माझे सारे संशय तिथे फिटले, असे मी म्हणणार नाही. मात्र कृपेने कोणत्या दाराने यावे, हे आपण ठरवू नये, एवढे मी त्या सकाळी शिकलो. आणि त्यासाठी माझ्या देवाचा व त्या भिजलेल्या माणसांचा मी सारखाच ऋणी आहे.

उपासना संपल्यावर बुवा कुडकुडत आत आले. आई कुंडीपासून हलली नाही, पण तिने आपले घोंगडे अर्धे त्यांच्याकडे सरकवले आणि म्हणाली, "बसा, बुवा."