पकडीतला गुलाल

कॅमेऱ्याच्या रबरी पकडीत रुतलेला गुलाल दिसला, की साखरपुड्यानंतरची ती विसर्जन मिरवणूक आठवते. महिनाभर तुलना करून, पहिल्या बोनसमधून मी तो साधा डीएसएलआर घेतला होता. कसब्यात ढोल सुरू होताच होणाऱ्या नवऱ्याने तो माझ्या गळ्यातून काढून स्वतःच्या गळ्यात अडकवला आणि खिशातला छोटा डिजिटल कॅमेरा माझ्या हाती ठेवला. "तुला हाच बरा, पर्समध्ये मावतो." मी म्हणाले, "याचं बटण दाबल्यावर फोटो निघेपर्यंत उधळलेला गुलाल खाली बसतो." तो हसला, "आई, लेक्चर सुरू झालं!" "शिकलेली हवी होती ना तुला? ऐक मग," म्हणत त्याच्या आईने मला फोटोसाठी त्याच्यासमोर उभे केले. आज आमच्या भिंतीवर त्या डीएसएलआरने काढलेले पुष्कळ फोटो आहेत. प्रत्येकात मी आहे. मी काढलेला एकही नाही.